धुतलेल्या चिठ्ठ्या

बारा नंबरच्या इमारतीतल्या फळ्याची चावी सुलक्षणाच्या मंगळसूत्रात असायची. चावी सेफ्टी पिनेत आणि पीन मंगळसूत्रात. आठ महिन्यांच्या मीराला त्या चावीचं भारी वेड. अंगावर पिता पिता तिची मूठ वर यायची आणि नेमकी चावीवर बसायची. मग एका हाताने मूठ सोडवायची आणि दुसऱ्या हाताने पदर सावरायचा. यात दुपार निम्मी सरली तरी सुलक्षणाला तक्रार नसे. मूठ सोडवताना पोरगी हसायची ना!

फळा जिन्याखाली होता, पंपाच्या खोलीशेजारी. आधी तो साधा काळा फळा होता आणि खडू तिथेच ठेवलेला असायचा. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहायचं आणि ज्याला खुपेल त्याने पुसायचं. गेल्या दिवाळीत एका सायकलीवरून काहीतरी लिहिलं गेलं, ते पुसलं गेलं, पुन्हा लिहिलं गेलं, आणि भाऊबीजेच्या सकाळी दोन कर्ते पुरुष फराळाच्या ताटांवरून उठून एकमेकांच्या कॉलरी धरून उभे राहिले. तेव्हा कमिटीने जाळीचं दार असलेला नवा फळा करून घेतला, त्याला कुलूप लावलं आणि खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा फट पाडून टांगला. बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका. नाव हवंच. कुणाच्या अंगावर जाणारं लिहिलं तर चिठ्ठी कारण लिहून परत मिळेल.

"चावी आपल्या नंदूच्या बायकोला द्या," चेअरमन चंद्रप्रकाश म्हणाले. "डी.एड. झालेली आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, आणि मांडीवर तान्ही पोर आहे म्हणजे घरात सापडेल तरी."

सगळे हसले. सुलक्षणाही हसली. शाळेतली नोकरी बाळंतपणासाठी सोडल्यावर कुणीतरी तिच्या हातात काहीतरी दिलं होतं, तिला तेवढंही पुष्कळ होतं.

पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या शांताबाईंची चिठ्ठी आली. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. ती तशीच लावली तर मजकूर बाजूला राहिला आणि पोरं अक्षरांना हसली. सुलक्षणाला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून तिने ठरवलं, प्रत्येक चिठ्ठी आपण स्वतः उतरवून काढायची. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर, एकाच निळ्या शाईत, एकाच आकाराच्या अक्षरात. चेअरमन असो की शांताबाई, फळ्यावर सगळे सारखे दिसले पाहिजेत. मूळ चिठ्ठ्या ती वाण्याकडे बिलं टोचतात तशा तारेत टोचून स्वयंपाकघराच्या दारामागे टांगून ठेवायची. सहा महिन्यांत एकही चिठ्ठी तिने परत केली नव्हती आणि एकही भांडण झालं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, तसा तो थोडा चेहऱ्यावरही दिसायचा.

शनिवारची दुपार उतरवण्याची. त्या वेळी मीराला घ्यायला दुसऱ्या मजल्यावरून द्रौपदीताई यायच्या. लातूरकडच्या, चाळिशीच्या आसपासच्या, टपाल खात्यात पत्रं वेगळी करायच्या कामावर. सकाळची ड्युटी संपवून तीनला घरी, आणि साडेतीनला सुलक्षणाच्या दारात. "आण गं माझं पार्सल," म्हणत त्या मीराला उचलायच्या. मीरा त्यांच्या मांडीवर एवढी गाढ झोपायची की सुलक्षणाला थोडा हेवाच वाटायचा.

मे महिना लागला. सुलक्षणाचे सासरे, धाकूनाना, पावसाळ्याची बेगमी म्हणून वर्सोव्याहून सुके बोंबील घेऊन आले आणि पुन्हा ऊन दाखवायला ते त्यांनी गच्चीवर, कपड्यांच्या दोरीखाली पसरले. त्या शनिवारी डब्यात द्रौपदीताईंची चिठ्ठी निघाली.

"गच्चीवर बोंबील घालणाऱ्याला नाक नसेल, आम्हाला हाय. ड्युटीची साडी तीनदा धुतली. आता दिसले तर उचलून खाली फेकीन, सांगून ठेवते. द्रौपदी."

सुलक्षणाने मान वर केली. द्रौपदीताई समोरच बसल्या होत्या, मीराच्या पाठीवर थोपटत. त्या चिठ्ठीबद्दल काही बोलल्या नाहीत आणि हीही काही बोलली नाही. बिचाऱ्या रागाच्या भरात लिहून गेल्या असतील, लोकांना बरं दिसणार नाही, असं मनाशी म्हणत तिने सुबक अक्षरात लिहिलं: "गच्चीवर खाद्यपदार्थ वाळत घालताना त्यांच्या वासाचा इतरांना त्रास होणार नाही याची कृपया काळजी घ्यावी, ही नम्र विनंती. द्रौपदी."

छान झालं, असं तिला वाटलं. एका चिठ्ठीत सासरे आणि द्रौपदीताई दोघांचीही लाज राखली.

पुढच्या शनिवारी नानांचं उत्तर आलं, अर्थात त्यांच्या मालवणीत. नाना गिरणीत होते. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि चार वर्षं माणूस घरात. गिरणीतल्या माणसांना हसवणारा हा गडी आता सकाळी पेपर आणि संध्याकाळी गॅलरी एवढ्यावर आला होता. फळा आला आणि नानांना पुन्हा प्रेक्षक मिळाले. त्यांची चिठ्ठी लागली की पोरंटोरं आधी तीच वाचायची.

"जेका कोणाक बोंबलाचो वास सोसणा नाय, तेणी आपला नाक घडी करून कपाटात ठेवचा आणि वर कुलूप लावचा. बोंबील हयसरच सुकतले. धाकू."

द्रौपदीताई अजून यायच्या होत्या; सुलक्षणा एकटीच खदखदून हसली. एक शब्दही न बदलता तिने ती उतरवली. मालवणीला हात लावला तर मजाच जाईल, नाही का? आणि नानांचं बोलणंच तसं. मनात काही नसतं.

बारा नंबर आठवडाभर हसला. दुधाच्या रांगेत, पंपाशी, जिन्यात, जिकडेतिकडे "नाक घडी". द्रौपदीताई ड्युटीवरून जिना चढताना तिसऱ्या मजल्यावरचा एक टवाळ कठड्यावरून ओरडला, "ताई, कपाटाची चावी घेतली ना?"

त्या शनिवारी साडेतीन वाजले, चार वाजले. द्रौपदीताई आल्या नाहीत. डबा उघडायचा राहिला. मीरा किरकिर करून झोपली, उठली, पुन्हा किरकिरली. शेवटी सुलक्षणा तिला कडेवर घेऊन वर गेली.

द्रौपदीताई तांदूळ निवडत होत्या. मीराने दोन्ही हात पुढे केले. ताईंनी पाहिलं, पण सूप खाली ठेवलं नाही.

"बरं नाही का, ताई?"

"बरी हाय की."

"मग आला नाहीत?"

द्रौपदीताईंनी एक खडा वेचला, खिडकीतून बाहेर टाकला. "सुलक्षणा, मी विनंती कधी केली गं?"

"काय?"

"फळ्यावर. नम्र विनंती. मी भांडले होते. माझी साडी, माझं नाक, माझं भांडण. तू त्याला धुतलंस, नीळ घातलीस, इस्त्री केलीस आणि लावलंस. आणि तुझ्या सासऱ्याचं? ते तसंच ओलं टांगलंस, टपटप करत."

"अहो, नानांचं बोलणंच तसं आहे. मनात काही..."

"आणि माझं बोलणं कसं हाय?"

सुलक्षणाने मीराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"लोकांना काय दिसलं सांगू? द्रौपदीने हात जोडले आणि म्हाताऱ्याने तिला टपली मारली. मी 'फेकीन' म्हणाले असते आणि ते 'नाक घडी कर' म्हणाले असते, तर दोघं बरोबरीचे झालो असतो. मीबी हसले असते गं. बोंबील काय मी खात नाही? मस्त खाते, कांदा घालून." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मला नीट बोलायला शिकवणारी माणसं लहानपणापासून भेटतात. तू काय पहिली नाहीस. पण तुझी पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती, आणि तू समोर बसून माझी चिठ्ठी धूत होतीस. ते लागलं."

मीरा अजून हात पुढे करूनच होती.

"मी आता डब्यात काही टाकणार नाही," द्रौपदीताई म्हणाल्या. "तुझं काही वाईट नाही चिंतत. फक्त टाकणार नाही."

खाली येऊन सुलक्षणाने मीराला झोळीत घातलं आणि एका पायाने झोका देत दारामागची तार मांडीवर घेतली. सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या एकेक करून सोडवल्या. उतरवलेले कागद तिने एका पिशवीत जपून ठेवले होते, तेही काढले. चिठ्ठी आणि कागद, चिठ्ठी आणि कागद, अशा जोड्या जमिनीवर लावत गेली.

शांताबाईंनी लिहिलं होतं, "चेअरमन फकस्त सह्या करायला हाय का?" फळ्यावर गेलं होतं, "कार्यकारिणीने कृपया लक्ष घालावे." चेअरमननी लिहिलं होतं, "तळमजल्यावरच्या बायकांना अक्कल नाही, नळ उघडे टाकतात." फळ्यावर अक्षर न् अक्षर तेच. त्या दिवशी आपण ते का बदललं नाही, हे तिला चांगलं आठवलं. भीती वाटली होती. नानांच्या नऊच्या नऊ चिठ्ठ्या जशाच्या तशा. शेजारच्या वनमालाकाकूंचे टोमणेही तसेच, कारण काकू आपल्याच गावच्या, घरच्यासारख्या. दुसऱ्या मजल्यावरच्या रतनभाऊंचा एक सरळ प्रश्न होता, त्यालाही "कृपया" चिकटवलेलं. त्यात बदलण्यासारखं काय होतं, तेही तिला आता सांगता येईना.

सगळ्यांचं अक्षर मात्र सारखं. निळं, गोल, सुंदर. त्या अक्षराचाच तिला राग आला. सहा महिन्यांत एकही चिठ्ठी परत गेली नाही, ती यामुळे. कुणाच्या दारात जाऊन "हे नाही लावत" म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून धुऊन काढायचं. आणि ज्यांना धुवायचीही हिंमत नव्हती, त्यांचं तसंच.

झोळीतून मीराचा एक पाय बाहेर आला होता. सुलक्षणाने तो आत सारला.

मग ती खाली जाऊन डबा घेऊन आली. आत एकच चिठ्ठी होती. नानांची.

"दुसऱ्या माळ्यार नाकाचा पोस्ट हापिस उघडला असा. वासाचा टपाल थयसर टाकूचा. तिकीट लागणा नाय. धाकू."

तिला हसू आलं. खरंच आलं, थांबवता आलं नाही. आणि हसू ओसरल्यावर तिच्या ध्यानात आलं की हीच ती चिठ्ठी, जी परत करायला हवी.

रात्रीची भाजी निवडताना तिने नंदूला सांगितलं. नंदूने वर्तमानपत्र खाली घेतलं. "नानांना चिठ्ठी परत? तू? मी आजच्या रात्री मित्राकडे झोपायला जाऊ का?"

"मस्करी नको ना."

"बरं, नाही करत. पण सांभाळून गं. फळा सोडला तर त्यांना दुसरं आहे काय?"

तेच तर तिला टोचत होतं.

सकाळी नाना गॅलरीत चहा घेत होते. तिने चिठ्ठी त्यांच्या हातात दिली, मागे कारण लिहून: "यात बोंबलाबद्दल काही नाही, फक्त माणसाबद्दल आहे."

नानांनी पुढचं वाचलं, मागचं वाचलं. "ह्या काय?"

"मामंजी, ही नाही लावता येणार."

"कित्याक? शिवी खय असा हेच्यात?"

"शिवी नाही. पण द्रौपदीताईंची थट्टा आहे. त्यांच्या नोकरीची. आणि मागचीही मी लावायला नको होती. चूक माझी होती, तुमची नव्हे."

"सगळी हसली मा?"

"द्रौपदीताई नाही हसल्या."

नानांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. चहा अर्धा ठेवून उठले. घरातल्या घरात सुनेकडून चिठ्ठी परत मिळालेला माणूस जसा चालेल, तसे पाठ ताठ करून गच्चीवर गेले. दुपारी जेवताना त्यांनी आमटी मागितली ती नंदूकडे बघून. सुलक्षणाने ती वाढली. पण ती चिठ्ठी परत मागून लावावी असं तिला वाटलं नाही.

संध्याकाळी फळ्यावर एकच कागद होता, तिचा स्वतःचा.

"सहा महिने मी काही जणांच्या चिठ्ठ्या बदलून लावल्या आणि काही जणांच्या जशाच्या तशा. ज्यांचं बोलणं मला ओळखीचं वाटलं किंवा ज्यांची मला भीती वाटली, त्यांच्या बदलल्या नाहीत. हे चुकलं. सर्व मूळ चिठ्ठ्या तारेत आहेत, ज्याला हव्या त्याने पाहाव्यात. यापुढे कुणाचाही शब्द बदलणार नाही. गोष्टीबद्दल कितीही कडक लिहा. माणसावर लिहिलं तर चिठ्ठी परत येईल, माझ्या घरच्या माणसाची असली तरी. एक परत केली आहे. सुलक्षणा."

चेअरमन चंद्रप्रकाश त्याच संध्याकाळी दारात. "वहिनी, भीती कुणाची वाटली म्हणे?"

"तुमची," सुलक्षणा म्हणाली. मीरा कडेवर असली की तिला धीर यायचा. "'अक्कल नाही' ही चिठ्ठी आज आली असती तर परत केली असती."

चेअरमननी एकदा तिच्याकडे, एकदा चावीकडे पाहिलं. चावी मीराच्या तोंडात होती. "कमिटीत बोलू," म्हणून ते गेले. कमिटीत ते बोललेही. पण शांताबाईंनी आपली मूळ चिठ्ठी तारेतून काढून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, "फकस्त सह्या करायला हाय का?" तेव्हा एवढा हशा झाला की चावीचा विषय निघालाच नाही. चेअरमननी त्यानंतर फळ्यासाठी काही लिहिलं नाही. त्याला काही इलाज नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर सुलक्षणा आणखी एकदा गेली. या वेळी हातात द्रौपदीताईंची जुनी चिठ्ठी होती.

"ही तुमची परत करते, ताई."

"आता परत?"

"'घालणाऱ्याला नाक नसेल' हे माणसावर आहे. आणि 'फेकीन' आहे. त्या दिवशी तुम्ही समोरच बसला होतात, तेव्हाच मी तोंडावर सांगितलं असतं, तर बरं झालं असतं."

द्रौपदीताईंनी चिठ्ठी घेऊन पुन्हा वाचली. मग एकदम हसल्या, पदर तोंडाला लावून. "बया बया! म्हाताऱ्याची परत केलीस म्हणून माझीबी?"

"हो."

"मी भांडले असते त्या दिवशी तुझ्याशी."

"भांडायचं होतंत ना."

"भांडले असते, पण घरी आले असते शनिवारी." त्यांनी चिठ्ठी चारदा घडी घालून कमरेला खोचली. मीराकडे बघितलं, पण घेतलं नाही. अजून नाही.

शुक्रवारी डबा हलवून पाहिला तर आत काहीतरी वाजलं. शनिवारी तिने तो उघडला. दोन चिठ्ठ्या होत्या.

पहिली: "बोंबलाशी माझं वैर न्हाई. मीबी खाते. पण माझ्या साडीने टपालात जावं का बाजारात, हे आधी ठरवा. गच्ची मोठी हाय, दोरीखालीच कशाला? द्रौपदी."

दुसरी नानांच्या थरथरत्या अक्षरात होती, पण सही त्यांची नव्हती.

"मी एक सुको बोंबील. जितो होतंय तेव्हा अंगात हाड नाय म्हणान लोका हसत. आता सुकलंय तर वास येता म्हणान हसतत. माझो मालक म्हातारो, तेका दुसरा काम नाय, म्हणान माका उन्हात घालून बसता आणि जाता-येता माणसांची मस्करी करता. साडयेची मी माफी मागतंय. पाण्याच्या टाकयेमागे माका चार हात जागा द्या. वारो थयसून खाडयेकडे जाता. तुमचो, बोंबील."

सुलक्षणाने ती दोनदा वाचली. नावाचा नियम होता. तिने गॅलरीत जाऊन विचारलं, "मामंजी, नाव नाही हो खाली."

नानांनी आठवडाभरानंतर पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "बोंबील ह्या नाव नाय? कंसात धाकू घाल." आणि थोडं थांबून, "ह्या तरी लावशीत मा? ह्येच्यात माणूस एकच असा, आणि तो मीच."

"लावते," ती म्हणाली. नानांनी चष्मा पुसायला घेतला.

साडेतीन वाजले होते. दार उघडंच होतं. तिने उतरवायला कॅलेंडरचा कागद पुढे ओढला, तेवढ्यात मीरा झोळीत जागी झाली आणि रडायला लागली. सुलक्षणाने पेन ठेवलं, पण उठायच्या आतच कुणीतरी झोळीशी पोहोचलं होतं.

"आण गं माझं पार्सल," द्रौपदीताई म्हणाल्या. "तू लिही. आणि ते मालवणी मोठ्याने वाच, मला अर्धं कळत नाही."

सुलक्षणाने वाचलं. 'हाड नाय' ला ताईंचं पोट हललं, 'मालक म्हातारो' ला त्या मीरासकट मागे भिंतीला टेकल्या. गॅलरीतला चहाचा कप कधीच रिकामा झाला होता, तरी नाना तो ओठाला लावून बसले होते आणि कान आत होता.

"नाना," द्रौपदीताई तिथूनच ओरडल्या, "टाकीमागे घाला. पण अर्धा डझन माझ्या घरी पोचले पाहिजेत. टपालाने नको, हातानं."

"पोचतले," गॅलरीतून आवाज आला. "नाक मात्र तयार ठेवचा!"

"हे फळ्यावर नाही लावणार हं मी," सुलक्षणा म्हणाली, आणि मान खाली घालून निळ्या शाईत, एकही शब्द न बदलता, बोंबलाचं म्हणणं उतरवायला लागली. मीराने द्रौपदीताईंच्या मांडीवरून हात लांब केला. चावी आज जरा दूर होती, म्हणून तिने ताईंचं बोट धरलं आणि तेच तोंडात घातलं.